मॅरिन ऑल्सप आणि बाल्टिमोरचा वाद

१९ जुलै २००५ रोजी बाल्टिमोर सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या विश्वस्तांनी मॅरिन ऑल्सप यांची संगीत संचालक म्हणून निवड केली. अमेरिकेतल्या पहिल्या फळीतल्या वाद्यवृंदाची सूत्रे त्याआधी एकाही स्त्रीकडे गेली नव्हती, त्यामुळे या निवडीची चर्चा संगीताच्या वर्तुळाबाहेरही झाली. मात्र निवडीवर शिक्कामोर्तब होण्याआधीच वादकांच्या प्रतिनिधींनी आपली नाराजी उघड केली होती. सुमारे नव्वद टक्के वादकांना नव्या संचालकाचा शोध इतक्यात थांबवू नये असे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्यासमोर उभे राहून रोज काम करायचे तेच नाखूश, आणि बाहेरचे जग अभिनंदन करत होते. २००७ ते २०२१ अशी चौदा वर्षे ऑल्सप त्या पदावर राहिल्या. या काळात वादक, समीक्षक आणि श्रोते यांची त्यांच्याविषयीची मते क्वचितच एकमेकांशी जुळली. ती का जुळली नाहीत हे समजून घ्यायचे तर वाद्यवृंद संचालकाचे काम आधी नीट पाहावे लागते.

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांमुळे हा संचालक मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. ऐंशी-नव्वद वादकांसमोरच्या चौथऱ्यावर तो उभा असतो, हातात बारीक काठी असते आणि समोर सगळ्या वाद्यांचे स्वरलेखन एकाखाली एक मांडलेली जाड वही असते. पूर्ण कार्यक्रमात तो स्वतः एकही सूर काढत नाही. लय किती ठेवायची, कोणते वाद्य किती पुढे आणायचे, एखादे वाक्य कुठे श्वास घेईल, चढत जाणारा भाग नेमका कुठे शिगेला पोचेल, हे तो ठरवतो. यातले बहुतेक ठरते ते तालमीत. श्रोत्याला दिसते ती त्याची पाठ आणि हातांची हालचाल. तालमीत काय घडले ते त्याला कळत नाही. समीक्षकही बहुधा एका रात्रीचाच प्रयोग ऐकतो, मात्र त्याच कलाकृतीची इतरांनी केलेली कित्येक ध्वनिमुद्रणे त्याच्या कानात असतात. वादक संचालकाला समोरून पाहतात. आठवड्याच्या तालमींत त्याने वेळ कसा वापरला, चूक नेमकी ओळखली की नुसतेच पुन्हा वाजवायला लावले, हे त्यांना पक्के ठाऊक असते. एकाच माणसाला तिघे तीन जागांवरून पाहतात. म्हणून संचालकाविषयीचे मतभेद स्त्री-पुरुष प्रश्न बाजूला ठेवला तरी राहतातच. तो प्रश्न आत आला की ते सोडवणे अधिक अवघड होते, कारण ऐकलेले आणि पाहिलेले यांची सरमिसळ मुळातच तिथे असते.

ऑल्सप यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील व्हायोलिनवादक, आई चेलोवादक, दोघेही पेशाने वादक. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी लेनर्ड बर्नस्टाइन यांना मुलांसाठीच्या मैफलीत वाद्यवृंद चालवताना पाहिले आणि आपल्यालाही हेच करायचे असे ठरवून टाकले. मुली हे काम करत नाहीत, असे त्यांच्या व्हायोलिनच्या शिक्षिकेने सांगितले. घरी मात्र वडिलांनी त्यांना काठ्यांनी भरलेली एक पेटी आणून दिली. ज्युलियार्ड या नामांकित संस्थेत त्या व्हायोलिन शिकल्या, पण संचालनाचे दार सहजी उघडेना. अखेर १९८४ मध्ये त्यांनी ‘कॉन्कॉर्डिया’ नावाचा स्वतःचाच वाद्यवृंद उभा केला. जपानी उद्योजक तोमिओ ताकी यांनी त्याला पैशाचे पाठबळ दिले. संचालकाला सराव करायला समोर माणसांचा ताफा लागतो, आणि तो भाड्याने आणायचा तर खर्च मोठा. पियानो घरी ठेवता येतो, वाद्यवृंद ठेवता येत नाही. तरुण संचालकाला पहिली संधी कोण देतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते आणि ऑल्सप यांना ती स्वतःच निर्माण करावी लागली, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या वाटचालीकडे पाहताना विसरता येत नाही. १९८९ मध्ये टँगलवुड येथे त्यांना कुसेवित्स्की पारितोषिक मिळाले आणि ज्यांना पाहून स्वप्न पडले त्या बर्नस्टाइन यांच्याकडेच शिकायला मिळाले.

त्यांच्याआधी या वाटेवर कोणी नव्हते असे नाही. अंतोनिया ब्रिको या नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या अमेरिकन संचालिकेने १९३० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालन केले होते. त्या कार्यक्रमाचे कौतुक झाले, तरी कायमचे पद त्यांना कोणत्याही मोठ्या वाद्यवृंदाने दिले नाही. १९३४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद काढला आणि नंतरचे आयुष्य डेन्व्हरमध्ये शिकवण्यात आणि हौशी वादकांबरोबर काम करण्यात घालवले. नादिया बुलांजे यांनी १९३८ मध्ये बोस्टन सिम्फनीसमोर उभे राहून तो वाद्यवृंद चालवला. सारा काल्डवेल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात संचालन करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. या साऱ्या जणी पाहुण्या म्हणून आल्या, टाळ्या घेऊन गेल्या. ऑल्सप १९९३ मध्ये कोलोरॅडो सिम्फनीच्या संगीत संचालक झाल्या तो वाद्यवृंद डेन्व्हरचाच, ब्रिको यांच्या गावचा. पाहुणी म्हणून एक रात्र येणे वेगळे आणि दर हंगामात कार्यक्रम ठरवणे, वादक निवडणे, पैसा उभा करणे ही सगळी जबाबदारी पेलणे वेगळे. विरोध झाला तो या दुसऱ्या गोष्टीला.

वादकांच्या निवडीच्या बाबतीत अमेरिकन वाद्यवृंदांनी एक फार उपयुक्त सुधारणा केली होती. उमेदवार पडद्यामागे बसून वाजवतो आणि परीक्षकांना फक्त सूर ऐकू येतात. बोस्टन सिम्फनीने १९५२ मध्ये हा पडदा पहिल्यांदा वापरला आणि १९७०-८० च्या दशकांत ही पद्धत सर्वत्र रुजली. पावलांच्या आवाजावरूनही उमेदवार स्त्री की पुरुष ते ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी जाजम अंथरले जाई, काही ठिकाणी उमेदवाराला बूट काढून आत यायला सांगत. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या पाच सर्वांत नामवंत वाद्यवृंदांत स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते. १९९७ पर्यंत ते पंचवीस टक्क्यांवर गेले. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउज या अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वाढीचे बरेचसे श्रेय पडद्याला दिले. त्या निष्कर्षावर नंतर आक्षेपही घेतले गेले, पण पडद्यामुळे निवडीतला एक मोठा संशय दूर झाला हे खरे.

संचालकाला पडद्यामागे उभे करता येत नाही, कारण त्याचे काम दिसण्यावरच चालते. वादकांना त्याचा हात, डोळे, खांदे दिसलेच पाहिजेत. ऑल्सप यांनी याबाबत वारंवार मांडलेला मुद्दा तरुण संचालिकांना शिकवताना त्या प्रत्यक्ष दाखवतात. एखादी नाजूक जागा वाजवून घेण्यासाठी संचालक मनगट सैल सोडून बोटांनी हलकीशी खूण करतो. पुरुषाने ती केली तर लोकांना त्यात संवेदनशीलता दिसते, स्त्रीने केली तर हात कमकुवत वाटतो. उलट पितळी वाद्यांना जोराने आत आणण्यासाठी मूठ आवळून हात खाली आणला तर पुरुषाबद्दल म्हणतात जोरकस, स्त्रीबद्दल म्हणतात आक्रमक. म्हणून कोणती खूण टाळायची, तोच परिणाम दुसऱ्या कोणत्या हालचालीतून साधायचा, यावर त्या विद्यार्थिनींचा कसून सराव करून घेतात. असा सराव कोणत्याही तरुण मुलाला करावा लागत नाही. पाहणे ऐकण्यावर किती कुरघोडी करते याचा एक पुरावा २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांच्या प्रयोगांतून पुढे आला. संगीतस्पर्धांतल्या अंतिम फेरीच्या छोट्या चित्रफिती लोकांना आवाजाशिवाय दाखवल्या तेव्हा त्यांनी खरा विजेता नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक ओळखला, आणि यात व्यावसायिक संगीतकारही होते. वाद्य वाजवणाऱ्यांच्या बाबतीत असे होत असेल, तर एकही सूर न काढणाऱ्या संचालकाच्या बाबतीत काय होत असेल याची कल्पना करता येते.

तरीही बाल्टिमोरच्या वादकांची तक्रार पूर्वग्रह म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. ऑल्सप स्त्री आहेत म्हणून त्या नकोत, असे त्यांनी म्हटले नव्हते. शोध अर्धवट गुंडाळला गेला, आपल्या मताला व्यवस्थापनाने किंमत दिली नाही, आणि पाहुण्या संचालक म्हणून आल्या तेव्हा ऑल्सप यांच्या कामात आपल्याला हवी तेवढी खोली जाणवली नाही, अशी त्यांची बाजू होती. त्याआधीचे संचालक युरी तेमिर्कानोव्ह जुन्या रशियन वळणाचे होते. ते काठी न वापरता संचालन करत, फार बोलत नसत, आणि भरदार, गडद नादासाठी ओळखले जात. त्या नादाची सवय झालेल्या वादकांना ऑल्सप यांची नेटकी, मोकळी आणि श्रोत्यांशी ध्वनिक्षेपकावरून बोलणारी पद्धत परकी वाटली असेल तर त्यात नवल नाही. वाद्यवृंद त्या काळात आर्थिक तोट्यातही होता, त्यामुळे व्यवस्थापन आणि वादक यांच्यातले संबंध आधीच ताणलेले होते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकन वाद्यवृंदांत नव्या संचालकाविषयी वादकांत मतभेद नेहमीच असतात. ते बहुधा चार भिंतींच्या आत राहतात. इथे ते निवडीच्या आधीच वर्तमानपत्रांत आले आणि जगभर पोचले. तो घाव ऑल्सप यांच्या वाट्याला आला. माघार घ्यावी का असा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी व्यवस्थापनाला बाजूला ठेवून फक्त वादकांची भेट मागितली आणि त्यांच्यासमोर एकट्या जाऊन बोलल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती जाहीर झाली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या वाद्यवृंद संचालक. काही आठवड्यांच्या अंतराने एका बाजूला अविश्वास आणि दुसऱ्या बाजूला देशातला एक मोठा सन्मान, हे दोन्ही त्यांच्या पदरात पडले.

समीक्षकांचे मतभेद मुख्यतः एका मुद्द्याभोवती फिरत राहिले : ऑल्सप यांचे खरे क्षेत्र कोणते? बर्नस्टाइन, बार्बर, कोपलँड, जॉन अॅडम्स अशा अमेरिकन रचनाकारांच्या कृतींत त्यांची पकड जवळपास सर्वांनी मान्य केली. ताल सांभाळून गुंतागुंतीचा पोत स्पष्ट ठेवणे हे त्यांचे बलस्थान आहे, आणि विसाव्या शतकातल्या संगीताला तेच लागते. कॅलिफोर्नियातल्या काब्रियो महोत्सवात १९९२ पासून पंचवीस वर्षे त्यांनी हयात रचनाकारांच्या नव्या कृती सादर केल्या. पण पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या जगात संचालकाचा कस लागतो तो बेथोव्हन, ब्राम्स, ब्रुकनर, मालर यांच्या जर्मन-ऑस्ट्रियन परंपरेत, निदान समीक्षकांची समजूत तशी आहे. ऑल्सप यांनी लंडन फिलहार्मोनिकबरोबर ‘नॅक्सोस’ या कमी किमतीच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीसाठी ब्राम्सच्या चारही सिम्फनी मुद्रित केल्या. काहींना त्यात संयम, प्रमाणबद्धता आणि कुठेही ताणून न धरलेली गती आवडली; काहींना तीच गोष्ट अंतर्गत ताण कमी असल्याची खूण वाटली. दोन्ही प्रतिक्रिया ऐकून दिलेल्या होत्या आणि दोन्हींना आधार होता. संगीतसमीक्षेत असे मतभेद निरोगी असतात.

अडचण आहे ती या मूल्यमापनाआधीच्या टप्प्यावर. जर्मन परंपरेत खोली येते ती त्या कृती पुन:पुन्हा, उत्तम वाद्यवृंदांबरोबर वाजवून घेतल्याने. पाहुण्या संचालिकेला निमंत्रण येते ते बहुधा एखाद्या नव्या रचनेसाठी, अमेरिकन संगीताच्या आठवड्यासाठी. ब्रुकनरची आठवी सिम्फनी वयस्क, नावाजलेल्या पुरुषासाठी राखून ठेवलेली असते. मग वीस वर्षांनी विचारले जाते की बाईंनी ब्रुकनर किती वेळा केला आहे. फिनलंडचे योर्मा पानुला हे एसा-पेक्का सालोनेन यांच्यासारख्यांना घडवणारे थोर गुरू. त्यांनीही २०१४ मध्ये स्त्रियांना स्त्रीसुलभ संगीत जमेल, ब्रुकनर आणि स्ट्राव्हिन्स्की जमणार नाही, अशा अर्थाचे विधान केले. तेमिर्कानोव्ह यांनी २०१२ मध्ये एका रशियन वृत्तपत्राला सांगितले की संचालकाचे सार ताकदीत आहे आणि स्त्रीचे सार दुर्बलतेत. बाल्टिमोरमध्ये ऑल्सप यांनी ज्यांची जागा घेतली तेच हे गृहस्थ. अशी मते शिखरावरची माणसे उघडपणे बोलून दाखवत असतील, तर निमंत्रणे देणाऱ्यांच्या मनात ती अजिबात नव्हती असे कसे मानायचे?

सामान्य श्रोत्यांचा प्रतिसाद बराच सरळ होता. २००२ मध्ये ऑल्सप इंग्लंडमधल्या बोर्नमथ सिम्फनीच्या प्रमुख संचालक झाल्या. ब्रिटनच्या मोठ्या वाद्यवृंदाला मिळालेली ही पहिली स्त्री प्रमुख संचालक. २००३ मध्ये ‘ग्रामोफोन’ या मान्यवर नियतकालिकाने त्यांना वर्षातील कलाकार म्हणून गौरवले. बाल्टिमोरमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी अॅडम्स यांची ‘फिअरफुल सिमेट्रीज’ आणि मालर यांची पाचवी सिम्फनी घेऊन सुरुवात केली. एक बाजू आपल्या बलस्थानाची, दुसरी थेट त्या परंपरेची जिच्यावरून शंका घेतली जात होती. कार्यक्रमाची ही निवड धीट होती. त्या हंगामात वर्गणीदारांसाठी दर मैफलीचे तिकीट पंचवीस डॉलर ठेवले गेले. मैफलीआधी किंवा दोन कृतींच्या मध्ये ऑल्सप श्रोत्यांकडे वळून काय ऐकायचे ते सांगत. कधी वाद्यवृंदाला एखादे स्वरवाक्य सुटे वाजवायला लावत आणि तेच पुढे कुठे, कोणत्या रूपात परत येते हे दाखवत. पहिल्यांदाच सभागृहात आलेल्या माणसाला याचा फार आधार वाटे. जाणत्यांपैकी काहींना मात्र या बोलण्याने संगीताची तंद्री मोडते असे वाटले. दोन्ही श्रोते एकाच सभागृहात बसलेले असतात आणि संचालकाला दोघांचाही विचार करावा लागतो; ऑल्सप यांनी बहुतेक वेळा नवख्याच्या बाजूने कौल दिला.

श्रोते कोण असावेत, हा प्रश्न त्यांनी सभागृहाबाहेरही नेला. बाल्टिमोरच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे बहुमत आहे, पण मैफलीला येणारे बहुतेक गोरे. २००८ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्तीतले एक लाख डॉलर घालून ऑल्सप यांनी ‘ऑर्ककिड्स’ हा उपक्रम सुरू केला. शहराच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्तीतल्या एका प्राथमिक शाळेतल्या तीस मुलांना वाद्ये दिली गेली, शाळा सुटल्यावर शिकवणी, त्यासोबत खाऊपिऊ. पुढे ही संख्या हजाराच्या वर गेली. संगीतसमीक्षेच्या स्तंभात या कामाला जागा मिळत नाही, आणि संचालकाचे मूल्यमापन करताना ते धरावे की नाही याविषयी दुमत आहे. अमेरिकेत संगीत संचालक हा शहराचा सांस्कृतिक प्रतिनिधीही असतो, त्यामुळे ते धरलेच पाहिजे.

७ सप्टेंबर २०१३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑल्सप यांनी ‘प्रॉम्स’ महोत्सवाच्या अखेरच्या रात्रीचे संचालन केले. १८९५ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवात ही रात्र स्त्रीच्या हाती पहिल्यांदाच आली. महोत्सवाचे पहिले संचालक हेन्री वुड यांनी १९१३ मध्ये आपल्या वाद्यवृंदात सहा स्त्री वादक घेतल्या होत्या. वादकांच्या खुर्चीपासून चौथऱ्यापर्यंतचे ते काही पावलांचे अंतर कापायला बरोबर शंभर वर्षे लागली. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी ओस्लो फिलहार्मोनिकचे संचालक वासिली पेत्रेन्को यांनी नॉर्वेच्या एका वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीतले, समोर पुरुष असला की वाद्यवृंद अधिक चांगला प्रतिसाद देतो आणि सुंदर मुलगी असली तर वादकांचे लक्ष विचलित होते, असे विधान गाजत होते. पेत्रेन्को यांनी नंतर आपल्या शब्दांचा विपर्यास झाल्याचे सांगितले. अल्बर्ट हॉलमध्ये उभ्याने ऐकणाऱ्या प्रेक्षकांनी मुलगी झाल्याच्या आनंदाचे गुलाबी फुगे चौथऱ्याला बांधले होते. भाषणात ऑल्सप यांनी या मानाचा अभिमान व्यक्त केला आणि २०१३ सालीही स्त्रियांच्या वाट्याला ‘पहिली’ हे विशेषण यावे याचे आश्चर्यही बोलून दाखवले. २०१५ मध्ये त्यांना त्याच रात्रीसाठी पुन्हा बोलावले गेले. या दुसऱ्या निमंत्रणाला अधिक अर्थ आहे, कारण पहिल्यांदा बोलावण्यात प्रसंगाचे अप्रूप असू शकते.

बाल्टिमोरमधले संबंध कसे बदलले याचा हिशेब कागदावर आहे. २००९ मध्ये त्यांचा करार २०१५ पर्यंत वाढवला गेला, २०१३ मध्ये तो २०२१ पर्यंत नेला गेला. त्यांनी मुद्रित केलेल्या ड्वोर्झाक यांच्या सिम्फनी आणि बर्नस्टाइन यांचे ‘मास’ यांमुळे वाद्यवृंदाचे नाव पुन्हा देशाबाहेर गेले. ‘मास’ला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. पैशाची तंगी त्यांच्या काळातही संपली नाही, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने वादकांना कामाबाहेर ठेवले, तो तंटा सप्टेंबरपर्यंत चालला. उत्साही संचालक आणि भरलेले सभागृह यांनी अमेरिकन वाद्यवृंदाचे अर्थकारण आपोआप सुधारत नाही. ते प्रामुख्याने देणग्यांवर चालते. ऑल्सप यांच्या संचालनातल्या खोलीविषयीची समीक्षकांमधली चर्चाही शेवटपर्यंत मिटली नाही. ब्राम्स आणि बेथोव्हन ऐकताना कुणी त्यांना सुबक म्हणत राहिले, कुणी सपाट.

२०१९ मध्ये ऑल्सप व्हिएन्ना रेडिओ सिम्फनीच्या प्रमुख संचालक झाल्या. ज्या शहरातल्या फिलहार्मोनिकने १९९७ पर्यंत एकाही स्त्रीला पूर्ण सदस्यत्व दिले नव्हते, त्या शहरात हे घडले. बाल्टिमोरमधून त्या २०२१ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा अमेरिकेतल्या पहिल्या पंचवीस वाद्यवृंदांत एकही स्त्री संगीत संचालक उरली नाही. २०२२ मध्ये नाताली स्टुट्झमान अटलांटात रुजू झाल्या तेव्हा ही पोकळी भरली. बाल्टिमोरने २०२३ पासून जोनाथन हेवर्ड या तरुण कृष्णवर्णीय संचालकाकडे सूत्रे दिली. ऑल्सप यांनी २००२ मध्ये ताकी यांच्या मदतीने तरुण संचालिकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली होती. ती मिळवणाऱ्यांपैकी मेई-अॅन चेन २०११ मध्ये शिकागो सिन्फोनिएटाच्या संगीत संचालक झाल्या.